शिंपल्यांचा टब

सुताराची बायको भरतीच्या पाण्यात ओढली गेली, हे कळलं त्या दुपारी मोरीत तिचा टब भरलेला होता. ओहोटीला खडकांवरून काढलेल्या शिंपल्या ती आधी खाऱ्या पाण्यात सोडून ठेवायची, म्हणजे पोटातली वाळू त्या थुंकून टाकत. किनाऱ्यावर तिची टोपली मिळाली. ती स्वतः नाही.

माणसं येऊन भेटून गेली. टबला कुणी हात लावला नाही.

मग सुताराच्या लक्षात आलं, की टबमधलं पाणी उतरतं आणि पुन्हा काठोकाठ चढतं. खिडकीतून समुद्र दिसायचा. तो मागे सरला, की मोरीतलं पाणीही उतरायचं.

"बाबा, फुटका असेल," लेक म्हणाली.

"फुटका टब भरतो होय गं?"

"मग तुम्हीच भरत असाल. आई गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही तुमचं." बोलून गेली आणि तिचेच डोळे भरून आले. "ओतून टाकू या, बाबा. मला बघवत नाही."

त्याला नाही म्हणवलं नाही. दोघांनी दोन बाजूंनी टब धरला. त्या दिवशी अमावास्या होती, समुद्र कधी नव्हे इतका मागे गेलेला. टबमध्येही पाणी उरलं नव्हतं. तळाला मिटलेल्या शिंपल्या आणि ओली वाळू.

वाळूत एक पाऊल उमटलं होतं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, बोटं दाराकडे.

लेकीने टब हळूच सोडला. "आईचं," ती म्हणाली.

तळाशी पाणी पुन्हा पाझरू लागलं. दुसरं पाऊल अजून पडलं नव्हतं.