बोकडाची गाठ

माझा उजवा हात जन्मापासून आखडलेला. म्हणून माय-आबा ऊस तोडायला निघाले की दरवर्षी मलाही सोबत नेतात आणि माझी शाळा बुडते. मी शाळेच्या हॉस्टेलात राहते म्हटलं की "हॉस्टेलात तुही नाडी कोन बांधील?" हा मायचा ठरलेला सवाल. यंदा माझ्याकडं उत्तर होतं! शाळेत येणाऱ्या थेरपीच्या मॅडमनी मला डावा हात आणि दात वापरून गाठ मारायला शिकवलं होतं. मी बाकाच्या पायाला इतक्या गाठी मारल्या की पोरी म्हणायच्या, "बाक पळून जायलाय का गं?"

पण आबांपुढं नाडी बांधून थोडीच दाखवता येते! म्हणून निघायच्या सकाळी मी आमचा दांडगा बोकड खुंट्याला बांधला.

"कुनी बांधला ह्याला?" आबा ओरडले.

"मी."

"तू? मंग सुटलाच म्हन!"

बोकडानं हिसक्यावर हिसके दिले. खुंटा हलला, गाठ न्हाई!

ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. आबा गाठ सोडायला बसले, पण ती सुटेचना. शेवटी त्यांनी कोयता मागितला.

"कापू नका आबा, सरका." मी दातात टोक धरून ओढलं आणि बोकड मोकळा झाला.

आबा बोकड घेऊन ट्रॉलीत चढले आणि माझं बोचकं घेऊन खाली उतरले.

"ह्याची गाठ आता हॉस्टेलातच सोड."