मन मोकळं करायची जागा

डेसमंड थ्वेट शेडच्या दारात आडवा उभा राहिला. समोर नॉर्मा अॅक्रॉइड होती, हातात नवऱ्याच्या पटाशांची पेटी घेऊन. आत म्हातारे खाली माना घालून लाकूड घासत होते आणि कान मात्र दाराकडे लावून बसले होते.

यॉर्कशरमधल्या त्या गावात निवृत्त पुरुषांसाठी ही धर्मादाय शेड चाले. लाकूडकाम करायचं, चहा प्यायचा, एकटेपणा घालवायचा. नॉर्मानं सभासद व्हायचं म्हटलं आणि अध्यक्ष डेसमंडची झोप उडाली. समानतेचा कायदा धर्मादाय संस्थांनाही लागू. केवळ बाई आहे म्हणून परत पाठवायचं, तर तसं पटणारं कारण हवं. समितीनं बैठकांवर बैठका घेतल्या, आल्याच्या बिस्किटांचे पुडे फस्त केले, तेव्हा कुठे कारण सापडलं. डेसमंडला त्याचा फार अभिमान होता.

"पुरुष फक्त पुरुषांतच मन मोकळं करतात, नॉर्मा. बाई आली की त्यांची तोंडं बंद होतात. कायद्यालाही हे मान्य आहे."

घर खायला उठतं, दिवसातले दोन तास तरी येऊ द्या, असं नॉर्मा म्हणाली. डेसमंडला वाईट वाटलं. पण कारण म्हणजे कारण.

"माझा क्लिफ इथे मन मोकळं करायचा?" तिनं विचारलं.

"तर काय! आम्हाला एकमेकांचं सगळं ठाऊक असतं." लाकूड चिकटवायला लावलेला सरस नीट वाळत नाही, एवढंच क्लिफचं बोलणं डेसमंडला आठवत होतं, पण ते त्यानं सांगितलं नाही. "हल्ली फिरकला नाही तो. रुसलाय का? खिळ्याला त्याचा चहाचा मग तसाच टांगलेला आहे म्हणावं."

नॉर्मानं पटाशांची पेटी खाली ठेवली.

"दोन वर्षं आजारी होता तो," ती म्हणाली. "फेब्रुवारीत गेला. तुमच्यातलं कुणी आलं नाही, तेव्हा वाटलं, कामात असाल."

बाई आली की पुरुषांची तोंडं बंद होतात, हे समितीचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. शेडमध्ये कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

शेवटी डेसमंडनं खिळ्यावरचा मग काढला, त्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि दारातून बाजूला झाला.

"साखर किती घेतेस, नॉर्मा?"