आमदारांची जागा

सहा वेळा निवडून आलेले रंगनाथराव सातव्या निवडणुकीत पडले आणि बऱ्याच वर्षांनी एसटीत चढले. गाडी गच्च भरली होती. 'आमदारांसाठी राखीव' लिहिलेल्या बाकावरून भाजीवाली हौसाक्का उठली.

"बसा साहेब, जागा तुमचीच."

"आता नाही अक्का. लोकांनी काढून घेतली."

"तुम्ही ही गाडी गावाला आणलीत, तेव्हापासून मी इथंच बसून बाजाराला जाते. कंडक्टर म्हणायचा, आमदार आले तर उठायचं. तुम्ही कधी आलाच नाहीत." ती हसली. "या जागेवर बसून दोन पोरी उजवल्या मी. या, मावू दोघं. एवढी टोपली धरा."

आजवर त्यांच्या अंगावर सत्काराच्या शालीच पडल्या होत्या. ओल्या मेथीची ती टोपली रंगनाथरावांनी बाजार येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.