बूट-कारखान्यातलं मशीन

यंत्रावर हुकमत गाजवायला मनगट नव्हे, मनाचा तोल लागतो, असं तिचं ठाम मत होतं. बंद पडलेल्या बूट-कारखान्यातून तिनं आणलेलं जुनं शिलाई मशीन मात्र पाय नुसता टेकला तरी उधळायचं.

“पहिली गोधडी बिघडली, तर हे धूड आजच भंगारात,” नवऱ्यानं तिच्या मागे उभं राहून बजावलं.

तिनं श्वास रोखून पॅडल दाबलं. खिडक्या थडथडल्या आणि टीप टोकापर्यंत नाकासमोर सरळ गेली.

त्यानं चष्मा लावून वाकून पाहिलं. खोट सापडेना.

“राहू दे मशीन,” तो पुटपुटला. “ऊठ आता, चहा कर.”

“आज तुम्ही करा,” ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तो स्वयंपाकघरात गेला. तिनं हळूच कात्री ओढली. गोधडीच्या खालच्या बाजूला तिच्या अंगावरचा एप्रन शिवला गेला होता.