कुणाच्या नावावर?

विमा विकणारी कॉलीन ही नेडीन आणि ऑर्विल टटल या नवराबायकोच्या स्वयंपाकघरात बसून पार वैतागली होती. नोंदणीचा आज शेवटचा दिवस. कोंबड्या सोलण्याच्या कारखान्यातल्या दोघांच्या पगारात एकच जादा विमा बसत होता, तोही एकाच्याच नावावर. पर्याय दोन: पहिला, मोठा आजार झाला की एकरकमी पैसे देणारा, आणि दुसरा, माणूस अंथरुणाला खिळला की बुडालेल्या पगारातला काही भाग दरमहा देणारा.

"पहिला लिही, पोरी. ह्याच्या नावावर," नेडीन म्हणाली. "ह्याचे तिन्ही काका जेवताजेवता गेले. ह्यांच्या घराण्यात हृदय म्हणजे भाड्यानं आणलेलं."

"काही नको! दुसरा लिही, हिच्या नावावर," ऑर्विल उसळला. "हिची आई आठ वर्षं अंथरुणात होती. जीभ तेवढी ठणठणीत."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस, म्हाताऱ्या!"

कॉफी गार झाली. एकमेकांच्या दुखण्यावर इतक्या हिरिरीनं पैज लावणारं जोडपं कॉलीननं अख्ख्या आर्कान्सात पाहिलं नव्हतं. शेवटी तिनं पेन टेबलावर आपटलं.

"अहो, दुसऱ्याचं आजारपण पुरे झालं! स्वतःचं बोला. उद्या तुम्ही स्वतःच अंथरूण धरलंत, तर काय करणार आहात?"

दोघांनाही कळेना. हा काय प्रश्न झाला?

"माझं काय अडणार आहे?" नेडीन म्हणाली. "हा आहे ना."

ऑर्विलनं नुसतं नेडीनकडे बोट दाखवलं.