अजून टोचतंय

मायबापहो, जरा जवळ सरका. एका म्हाताऱ्या सुताराची गोष्ट सांगतो. नातीच्या पाळण्यासाठी तो लाकूड घासायचा विजेचा सँडर घ्यायला गेला.

"काका, हा हलका. आणि हा धूळही स्वतःच ओढतो," दुकानदार म्हणाला.

"लाकूड गुळगुळीत झालं की सांगणारा आहे का?"

"जन्मभर रंधा मारलात आणि हे मला विचारता? हात फिरवला की कळतं!"

सुतारानं घट्ट्यांनी भरलेले तळवे पुढे केले. "यांना कुठलं कळायला! आमची ही हात फिरवायची. 'अजून टोचतंय, घासा मुकाट्यानं,' म्हणायची. गेल्या महिन्यात गेली."

मायबापहो, याच सुतारानं घडवलेल्या तुमच्या घरच्या जुन्या टेबलावरून कधी हात फिरलाच, तर त्या माउलीची आठवण काढा. तुमच्या आधी तिचा हात तिथून फिरून गेलाय.