दुसरं वजन

"मॅडम, तुमचा एच-इंडेक्स बरोब्बर पाच भरला," ग्रंथपाल शेखर म्हणाला आणि त्याने प्रिंटआउट डॉ. ज्योत्स्ना आहेर यांच्यापुढे सरकवला. "यंदा संस्थेने प्रोफेसरसाठी पाचचीच अट घातलीय. नशीब काढलंत."

हा एच-इंडेक्स काय प्रकार असतो ते ज्योत्स्नाबाईंना गेल्याच आठवड्यात कळलं होतं. निदान पाच पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा दाखला पाच जणांनी तरी आपापल्या पेपरात दिलाय. नाशिकच्या या मेडिकल कॉलेजात चौदा वर्षं शिकवलं, सुरगाण्याचे डोंगर पायी पालथे घातले, त्या सगळ्याचा २००८ साली हा एवढा आकडा झाला. चार पेपरांना ओढूनताणून पाच-सहा दाखले होते. पाचव्याला मात्र त्रेसष्ट.

तो नाचणी-शेंगदाण्याच्या पिठाचा पेपर. ऑगस्टात पाड्यांवरच्या दोनशे बारा मुलांची वजनं घेतली, पाच महिने पीठ दिलं, जानेवारीत पुन्हा वजनं घेतली. अगदी अशक्त अशी अठ्ठ्याहत्तर मुलं होती, ती एकोणचाळीसवर आली. कॉलेज अजून त्याच पेपरावर मिरवत होतं.

पाच वाजेपर्यंत फाइल सचिवांकडे जायची होती. विभागातली शिपाई भागीबाई स्टुलावर बसून पेपरांचे संच स्टेपल करत होती. वर्षापूर्वी सुरगाण्याकडून कामाला आलेली. वाचता येत नसे, पण कागदाला कागद असा लावायची की बोट फिरवलं तरी कड लागू नये. एका पानावर तिचा हात थांबला.

"मॅडम, ही मी हाय."

झेरॉक्समध्ये फोटो काळपट आला होता. आंब्याच्या फांदीला वजनकाटा, काट्याच्या झोळीत पोर, शेजारी पदर घेतलेली बाई.

"आन् झोळीत आमचा मंगळू."

"अगं, मग इतके दिवस सांगायचं नाही का?" ज्योत्स्नाबाईंना खरंच आनंद झाला. "दुसऱ्या वजनाला किती भरला होता गं?"

"दुसरं वजन कुठलं? तवा आम्ही पिंपळगावला, द्राक्षाच्या बागंत. दिवाळी झाली की खाली उतरतोच ना समदे. धडधाकट पोरं म्हातारीपाशी ठेवायची, शेरडं राखायला. मंगळू माझ्या पाठीवर. अशक्त पोर मागं कोण ठेवील?" तिने ते पान संचात लावून पुढचं उचललं. "तो तिथंच गेला. बागेच्या बांधाला पुरला."

स्टेपलर खटकन वाजला.

त्यांनी लोखंडी कपाट उघडून नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. जानेवारीच्या रकान्यात लाल शाईने 'गैरहजर' असं सत्तेचाळीस वेळा लिहिलेलं होतं. सह्या त्यांच्याच. पोरं शेतात गेली असतील, असं तेव्हा धरून चालल्या होत्या. पेपरात त्यावर तळाशी एक बारीक ओळ होती: गैरहजर मुले वगळली आहेत.

आता त्यांनी त्या सत्तेचाळीसांतली अशक्त मुलं पेन्सिलने टिपत नेली. एकोणचाळीस झाली. पुन्हा मोजली. तेवढीच.

पिठाने एकही पोर सुधारलं नव्हतं. अशक्त पोरं आयांच्या पाठीवर बसून बागेत गेली होती, एवढंच. ज्योत्स्नाबाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

"शेखर, हा पेपर यादीतून काढला तर?"

"एच-इंडेक्स चार." शेखरने कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. "तुम्ही प्रोफेसर होत नाही. आणि तुम्ही झाला नाहीत तर विभागाच्या पीजीच्या जागा जातात. सचिव माझंही डोकं खातील ते वेगळंच. का, झालं काय?"

त्यांनी सांगितलं. शेखर भला माणूस होता, त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग चूक झाली असं पत्र पाठवा ना त्या मासिकाला. छापून आलं तर तेही एक पब्लिकेशन धरता येईल." तो जरा थांबला. "यंदाच्या मुदतीत बसायचं नाही, पण. आणि या त्रेसष्ट जणांना कोण सांगत बसणार?"

ज्योत्स्नाबाईंनी पेन उचललं आणि अर्जातल्या यादीत पिठाच्या पेपरावर आडवी रेघ मारली. रेघ सरळ आली. त्यांना वाटलं, चला, सुटले.

"इथं मारलीत मॅडम. इथं कशी मारणार?" शेखरने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती, उलट कीवच होती. "सकाळी त्रेसष्ट होते. आता चौसष्ट झालेत."

नवा पेपर ओरिसाचा होता. शेखरने तो वाचत वाचत मराठीत सांगितला. "तिकडच्या एका संस्थेने चारशे गावांत पीठ सुरू केलंय. मुलं निम्म्याने सुधारली म्हणतात. पद्धत तुमचीच, तंतोतंत. पहिलं वजन ऑगस्टात, दुसरं जानेवारीत."

भागीबाईने शेवटचा संच स्टेपल केला, पाचही संच टेबलावर ठोकून सारखे केले आणि ज्योत्स्नाबाईंच्या हातात दिले.

"तिकडं बी द्राक्षाच्या बागा हायेत का, मॅडम?"